बिनकुंकवाची डबी

१

बावधनहून मी परतले तो मंगळवार होता. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, नाकावर काळा चष्मा आणि हातात भाची गौतमीनं दिलेला चिवड्याचा डबा. त्यातला निम्मा चिवडा रजनीताईंचा, हे ठरलेलंच असतं. भुकूम मागे टाकून मुळशीकडे निघालं की डाव्या हाताला टेकडीला टेकून एक पिवळी इमारत दिसते, ते आमचं ‘कृतार्थ’ वृद्धनिवास. तळमजल्यावरच्या तिसऱ्या खोलीत आम्ही दोघी चार वर्षं राहतो आणि चार वर्षं भांडतो.

खोलीत शिरले तर रजनीताईंची गादी गुंडाळून ठेवलेली. चष्मा मात्र खिडकीत. अहो, चष्म्याशिवाय ही बाई आंघोळीलासुद्धा जात नाही!

दारावरून आमची स्वयंपाकीण गोजराबाई चालली होती. तिला हाक मारली, तर तिनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून चालती झाली. एरवी ही बाई चहाला किती दूध घातलं हे सांगायलासुद्धा पाच मिनिटं घेते.

मग आला निरंजन. संस्थेचा सगळा कारभार तोच बघतो. जमीन त्याच्या वडिलांची, हैबतरावांची. परवानाही त्यांच्याच नावाचा.

“मावशी, बसा आधी,” तो म्हणाला. “रजनीकाकू रविवारपासून पुण्यात हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांची ती संधिवाताची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते ना, ती त्यांना रोज दिली गेली. आठ दिवस. तोंडभर फोड, ताप, रक्तातल्या पेशी पार खाली गेल्यात.”

मेथोट्रेक्सेट तिचं नाव. दर गुरुवारी एक घेतली तर दुखणाऱ्या सांध्यांना आराम, रोज घेतली तर विष. हे आमच्या खोलीत भिंतीलासुद्धा पाठ होतं.

“दिली गेली म्हणजे? कुणी दिली?” मी विचारलं. पुण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं लघुलेखक होते मी. ‘दिली गेली’, ‘झालं’, ‘घडलं’ असं बोलणारा साक्षीदार कुणाला तरी पाठीशी घालत असतो, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच.

“जयानं. तिनं लिहूनही दिलंय.” त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. “साक्षीदार म्हणून फक्त तुमची सही हवी होती. तुम्ही कोर्टातल्या, तुमच्या सहीला वजन आहे. शनिवारी रजनीकाकूंचा मुलगा निषाद वकील घेऊन येतोय. त्यानंतर तो पोलिसांत जाणार. ज्याचं नाव निघेल त्याच्यावर गुन्हा दाखल होईल.”

आणि त्यानं माझ्यापुढे पेन धरलं.

२

जया कोण, ते आधी सांगते, नाहीतर माझा जीव का वरखाली झाला ते कळायचं नाही.

गेल्या जानेवारीत मी न्हाणीघरात पडले. आतून कडी, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि थंडीनं आवाज फुटेना. आमच्याकडे मदतनीस म्हणून काम करणाऱ्या जयानं तांब्यानं काच फोडली आणि हात आत घालून कडी काढली. तिच्या मनगटावर अजून तो व्रण आहे. गौतमी तेव्हा परदेशी. अकरा दिवस जया हॉस्पिटलात माझ्या खाटेशी बसली. मी विचारलं, “कशाला गं करतेस एवढं? मी तुझी कोण?” तर म्हणाली, “तुमी पडला तवा मी हितं व्हते, म्हनून.” एवढंच! ऋण ऋण म्हणतात ते काय, ते मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

म्हणून तर यंदाच्या खंडेनवमीला मी हट्टच धरला होता. नोकरीत असताना दर वर्षी मी माझ्या टंकयंत्राची पूजा करायचे. आता यंत्र कधीच भंगारात गेलं. मला जगवणारी हत्यारं आता औषधांच्या कपाटात असतात, तेव्हा पूजा त्याचीच करणार, असं सगळ्यांना सांगितलं. सकाळी कपाटाची साग्रसंगीत पूजा केली, झेंडूचा हार घातला, हात जोडले. आणि दुपारी गौतमीच्या गाडीत बसून डोळ्याच्या ऑपरेशनला बावधनला गेले.

तर त्या जयाचा हा कागद. नव्या डोळ्यानं वाचला. “सदर संस्थेत मदतनीस म्हणून कार्यरत असताना, परिचारिकेने दिलेल्या सूचनांचे पालन न करता, माझ्या हलगर्जीपणामुळे...”

अहाहा! जी बाई ‘आहे’ला ‘हाय’ म्हणते, ती ‘सदर’ आणि ‘कार्यरत’ लिहिणार! हजारो जबाब उतरवून घेतलेत मी. हा कागद जयाच्या हातचा होता, पण तोंड दुसऱ्याचं होतं.

“डोळ्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय रे,” मी निरंजनला म्हटलं. “कागद शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. आणि औषधांची वहीसुद्धा दे. वहीशी न जुळवता सही केली तर मी कोर्टातली कसली?”

त्याला आवडलं ते. वही आपल्याच बाजूनं बोलणार याची त्याला खात्री होती. लगेच आणून दिली.

जया मागच्या ओट्यावर चादरी धूत होती. मला बघून उठली, डोळे सुजलेले.

“खरं सांग, जया.”

“मीच दिल्या, ताई.”

“कधी द्यायचीस?”

“सकाळी. चाच्या आदी.”

“चहाच्या आधी? रजनीताई पोटात नाश्ता गेल्याशिवाय गोळीकडे बघतसुद्धा नाहीत. हे मला तूच सांगितलं होतंस.”

मी तिच्याजवळ बसले. तिच्या अंगाला ओवा-शेपांच्या धुरीचा वास येत होता, आणि नखांच्या कडांना हळदीच्या तेलाची पिवळी रेघ. हा वास म्हातारपणाच्या घरात येत नाही गं बाई, हा बाळंतिणीच्या खोलीतला वास!

“कासारसाईची लेक बाळंत झाली ना तुझी?” मी विचारलं. “काय झालं?”

आणि काय सांगू, त्या रडव्या तोंडावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं. “मुलगी झाली, ताई. लई गोड हाय.”

“म्हणजे ते आठ दिवस तू इथे नव्हतीसच.”

तिनं जीभ चावली. मग माझे दोन्ही हात धरले. “ताई, तुमाला माज्या गळ्याची आन हाय. कुनाला सांगू नका. मी सई केलीया. आता जे व्हईल ते माजं.”

नव्हती तिथे, तरी गुन्हा कबूल. मग ही बाई वाचवत कुणाला होती?

३

खोलीत येऊन वही उघडली. दर दिवसाला एक ओळ, पुढे वेळ आणि शेवटच्या रकान्यात परिचारिकेची सही. त्या आठही दिवसांपुढे सही होती. सायली, सायली, सायली.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सायली ही आमची नर्स. होती, असं म्हणायला हवं. गणपतीच्या आधीच ती सोडून गेली. ती कुठे गेली ते मला नेमकं ठाऊक होतं, कारण दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता बावधनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझी पापणी उचलून थेंब घालणारी तीच होती. “मावशी, तुम्ही?” म्हणून ती हसली आणि मी एवढी दचकले की पहिला थेंब गालावरच पडला.

आणि या वहीत त्याच सोमवारी, त्याच नऊ वाजता, ‘कृतार्थ’मध्ये तिची सही. एक तर ही सही खोटी, नाहीतर माझ्या डोळ्यात औषध घालणारी भूत!

मी तिला फोन लावला. रजनीताईंचं ऐकून पोरगी रडायलाच लागली.

“मावशी, सोडताना मी निरंजनदादांना पत्र दिलं होतं. दुसरी नर्स येईपर्यंत न शिकलेल्या माणसांच्या हातून औषधं देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. फोटो आहे माझ्याकडे, पाठवते.”

“मग गणपतीपासून औषधं देत कोण होतं?”

“जयाताई. तिनं तीनदा जाऊन नर्स मागितली, तर दादा म्हणाले, तुला सगळं ठाऊक आहे की, तूच दे. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण डोकं किती चालतं बघा. जाताना मी तिला एकेक गोळी समजावून दिली, तर तिनं प्रत्येक डबीला स्वतःची खूण केली. कसली ते तिलाच विचारा.”

जया बोलणार नव्हती. पण डब्या तर कपाटात होत्या. आणि कपाटाची किल्ली, जया नसली की, असते गोजराबाईच्या कमरेला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. गोजराबाई लसूण सोलत होती. पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटी ओढणारी ही बाई, आणि मला बघून तिच्या हातातला लसूण खाली पडला.

“गोजराबाई, किल्ली दे.”

तिनं किल्ली दिली. दिली ती दिली, वर पायाशीच बसली.

“मी दिल्या वो ताई, मी दिल्या! जयी माजी भाची, माज्या भावाची लेक. नवमीच्या सांच्याला तिला कासारसाईवरनं फोन आला, पोरीला कळा लागल्या म्हून. निरंजनदादाला इचारलं, तर म्हनलं जा, पर वहीत रजा घालाय नगं, गोजरा बघंल गोळ्यांचं. जयी पळता पळता मला सांगून गेली, झाकनाला कुंकू असंल ती डबी रोजची. बिनकुंकवाच्या डबीला हात लावायचा न्हाई, ती मी आल्यावर बघीन. तसंच केलं ताई मी! एक डबी इकडची तिकडं केली न्हाई. समद्या गोळ्या येका वाटीत घालून द्यायची, रजनीताई न बघता गिळायच्या. समद्या डब्यांना कुंकू व्हतं!”

“सगळ्या डब्यांना?”

“समद्यांना! आन् रजनीताई तोंड आलंय म्हनल्या तवा मी त्यांना तूप लावून दिलं. वर गोळी पन दिली. माजे हात झडले का न्हाईत तवा?”

आता सगळं कळलं. निरंजननं जयाला सांगितलं असणार की तू लिहून दे, नाहीतर तुझी म्हातारी आत्या आत जाईल. आणि आत्यासाठी जयानं मान पुढे केली.

पण मुख्य कोडं तसंच होतं. जयाची खूण सोपी आणि पक्की होती. कुंकू म्हणजे रोज दे. कुंकू नाही म्हणजे थांब. ज्या एका डबीवर कुंकू असायलाच नको होतं, तिच्यावर ते आलं कुठून?

गोजराबाईला घेऊन कपाटाशी गेले. हँडलला वाळलेला झेंडू अजून लोंबत होता. रजनीताईंचा खण उघडला. त्या गोळ्यांचं पाकीट निषादनं हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. नवमीच्याच आठवड्यात आलेलं, दहातल्या दोन उरलेलं. डब्या मात्र जागेवर होत्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या चार लहान डब्या.

मी त्या खिडकीत ओळीनं मांडल्या आणि काळा चष्मा काढला.

पहिल्या डबीच्या झाकणावर दोन ठिपके होते. एक लहान, गोल, काडेपेटीच्या काडीनं द्यावा तसा, जुना होऊन विटलेला. त्याच्याशेजारी दुसरा, बोटाएवढा मोठा आणि ताजा, आणि त्याच्या अंगाला हळद. दुसऱ्या डबीला तसेच दोन. तिसरीलाही दोन.

चौथीवर इंग्रजीत लिहिलेलं नाव मला वाचता आलं. हीच ती गुरुवारची. तिच्यावर एकच ठिपका होता. मोठा, ताजा, शेजारी हळद. काडीचा ठिपका नव्हताच.

जयाच्या खुणा जयानं बरोब्बर केल्या होत्या. त्यांच्यावरून नंतर कुणाचं तरी बोट फिरलं होतं. हळद आधी, मग कुंकू. खुणेसाठी कुणी हळद लावत नाही. हळद-कुंकू लागतं पूजेला.

“कुणी लावलं असंल वो, ताई?” गोजराबाईनं विचारलं.

खंडेनवमीच्या सकाळी या कपाटापुढे उभी राहिलेली, मोतीबिंदूनं धुरकट दिसत असताना एकेक खण उघडून, एकही डबी न सोडता, भक्तीनं बोट टेकवत गेलेली बाई मला माहीत होती.

ते बोट माझं होतं.

५

खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी गप्प बसले. कुणाला ठाऊक होतं? पूजा करताना जया वरच्या मजल्यावर कुणाला तरी आंघोळ घालत होती. झाकणांकडे तिनं बघितलं नसणार, तिला डब्या हातानंच ओळखू यायच्या. गोजराबाईला वाटत होतं ते कुंकू जयाचंच. मी नुसतं सायलीच्या सहीचं सांगितलं असतं तरी निरंजन उताणा पडला असता. आणि रजनीताईंना कधीच कळलं नसतं की त्यांच्या तोंडातला घास माझ्या पूजेनं काढून घेतला.

पण मग जयाच्या नावावर एक डाग राहिला असता. तिची खूण फसवी होती, असं कुणीही म्हणालं असतं. जिनं काच फोडून हात आत घातला, तिच्यासाठी मला एक तोंड उघडता येऊ नये? शुक्रवारी दुपारी मी कागद घेतला आणि जबाब लिहायला बसले. दुसऱ्यांचे हजार लिहिले होते, स्वतःचा पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी सगळे जेवणघरात जमले. निषाद, रजनीताईंचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला, चेहरा जागरणानं काळवंडलेला. त्याची तरुण वकील अपूर्वा. टेबलाच्या डोक्याशी हैबतराव, ऐंशीच्या घरातले, हातात काठी. त्यांच्याशेजारी निरंजन. दाराशी जया आणि गोजराबाई, एकमेकींचा हात धरून.

“मावशींची सही झाली की कागद पुरा,” निरंजन म्हणाला.

“सही करणारच आहे,” मी म्हटलं, “पण माझ्या कागदावर. ऐका.”

आणि वाचायला सुरुवात केली. “मी, सुलक्षणा दाबके, वय चौऱ्याहत्तर, असं लिहून देते की रजनीताईंच्या गुरुवारच्या गोळीच्या डबीवर खंडेनवमीला कुंकू मी लावलं. कुंकू असेल ती डबी रोज द्यायची, ही खूण मला माहीत नव्हती. पण माहीत नसताना दुसऱ्याच्या औषधाला हात लावला, ही चूक माझी आहे.” जया “ताई!” म्हणून ओरडली. मी थांबले नाही. काडीचे ठिपके, बोटाचे ठिपके, कासारसाईची लेक, गोजराबाईला मिळालेला निरोप, सगळं ओळीनं वाचलं आणि चारही डब्या टेबलावर मांडल्या.

निरंजन उठलाच. “ऐकलंत ना? मावशी स्वतः कबूल करतायत! म्हणजे संस्थेचा यात काही संबंधच नाही.”

“बस खाली,” मी म्हटलं. “जबाब अर्धाच झालाय.”

वही उघडून त्याच्यापुढे सारली. तिच्याशेजारी बावधनच्या दवाखान्यातला माझा कागद ठेवला. थेंब घातल्याची वेळ सोमवार, सकाळी नऊ, खाली सायलीची सही. वहीतही सोमवार, सकाळी नऊ, सायलीची सही. अपूर्वानं दोन्ही सह्या जवळ धरून पाहिल्या. आंधळ्यालाही कळलं असतं इतक्या त्या वेगळ्या होत्या. मग मी सायलीच्या पत्राचा फोटो तिला दाखवला.

“वकीलबाई, आता ऐका,” मी म्हटलं. “इंग्रजी वाचता येत नाही म्हणून जयानं खूण केली. खूण बघून गोजराबाईनं गोळी दिली. मी कुंकू लावलं. तिघींनीही जिचं तिचं काम मनापासून केलं, आणि तिघींच्या मनापासून केलेल्या कामातून एक बाई मरता मरता वाचली. म्हणूनच तिथे एक शिकलेली नर्स असावी लागते! ती असती तर माझं कुंकू नुसतं कुंकू राहिलं असतं. डबीवरचं नाव वाचून तिनं गुरुवारपर्यंत ती बाजूला ठेवली असती. तिची खुर्ची दोन महिने रिकामी होती. रिकामी आहे हे सांगणारं पत्र दाबलं, आणि रिकामी नाही हे दाखवायला वहीत सह्या केल्या. त्या सह्या नसत्या, तर निषाद कधीच विचारता झाला असता की माझ्या आईला औषध देतं कोण?”

काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

“निरंजन,” हैबतराव म्हणाले, “ह्या सया कुनी केल्या?”

“आबा, नर्स मिळत नाहीत हो या भागात. तात्पुरतं म्हणून...”

“मिळंना, तर तसं सांगाचं हुतं समद्यांस्नी. मी इचारतोय सया कुनी केल्या.”

“मी.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग अपूर्वाकडे बघितलं. “वकीलबाई, परवाना कुनाच्या नावाचा हाय?”

“तुमच्या, आबा.”

“मंग लिवा माजं नाव. पोरानं माज्या नावाखाली केलं, म्हंजी मी केलं. ह्या बायांची नावं काडा त्यातनं. दुखन्यात माजी आई ह्या जयीच्या आजीच्या हातनं दूध पिऊन जगली. तिच्या नातीला पुढं करून मी लपू व्हय?”

निषाद इतका वेळ डब्यांकडे बघत होता. त्यानं जयाचा तो कागद उचलला आणि अपूर्वाला दिला. “हा नको दाखल करायला.”

“करणारच नाही,” ती म्हणाली. “दबावाखाली लिहून घेतला म्हणून जोडेन फार तर. दावा संस्थेवर आणि परवानाधारकावर होईल. नर्स नसताना औषधं दिल्याबद्दल आणि खोट्या सह्यांबद्दल तक्रार वेगळी, तीत निरंजन यांचं नाव येईल. जयाताई आणि गोजराबाई साक्षीदार.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्हीही साक्षीदार, मावशी.”

“माझी चूक वगळायची नाही हं त्यातून. शब्दन् शब्द ठेवायचा.”

निषाद उठून दाराशी गेला. मला वाटलं जयाला काही बोलतो की काय. तर हा म्हणतो, “आईच्या पेशी कालपासून वर यायला लागल्यात. आज पहिल्यांदा दोन वाक्यं बोलली. दुसरं वाक्य, जयाच्या लेकीला मुलगा झाला की मुलगी, ते विचार.”

जया खालीच बसली. “त्यांनीच मला धाडलं वो, दादा. म्हनल्या, जा गं, माजं मी बघते.”

मला रडू आवरेना. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं सायलीनं बजावलं होतं, पण आतून येणाऱ्या पाण्याचं ती काही बोलली नव्हती.

६

दिवाळी सरून तुळशीच्या लग्नाला दोन दिवस असताना रजनीताई परत आल्या. गाल बसलेले, साडी अंगावर लोंबणारी, पण चष्मा नाकावर. निषाद त्यांना दुसरीकडे न्यायला निघाला होता. त्या म्हणाल्या, “नर्स आली का? मग तिथेच सोड मला. भांडायला तिथेच माणूस आहे.”

नर्स आली होती. कल्पना नावाची, भोरकडची, आवाज खणखणीत. डबी उचलायची, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं, माणसाचं नाव विचारायचं आणि मगच गोळी द्यायची. जया तिच्याशेजारी उभी राहून इंग्रजी अक्षरं गिरवायला लागली होती. पहिल्या ओळीत नातीचं नाव लिहिलं होतं, जुईली. हैबतराव दर सोमवारी येऊन वही स्वतः बघत आणि सही करणाऱ्या बाईला समोर बोलावून घेत. निरंजनची चौकशी चालू होती. ती चालू राहीलच, कोर्टाचा वेग मला कुणी शिकवू नये.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. निषादनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं.

मी सांगितलं. बसूनसुद्धा नाही, उभ्यानं, कोर्टात सांगतात तसं. पूजा, बोट, डबी. रजनीताईंनी संधिवातानं वाकडे झालेले हात मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“झालं?” त्या म्हणाल्या.

“झालं.”

“म्हणजे मला मारायला निघाली होतीस ती हळद-कुंकू लावून. थाटात अगदी!”

“रजनीताई, माफ...”

“गप. जया मला सांगून कासारसाईला गेली. गोजरा तूप लावायची तोंडाला. आणि तू म्हणे माझ्या गोळीला हात जोडलेस. माझ्या औषधांच्या डबीपुढे माझ्या पोटच्या पोरानंसुद्धा कधी हात जोडले नाहीत गं.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “एवढी माणसं असताना मरतेय कशाला मी?”

मी चिवड्याचा डबा पुढे केला. तीन आठवड्यांत तो मऊ पडला होता, तरी त्यांनी निम्मा मोजून घेतला.

मग खाता खाता म्हणाल्या, “पुढच्या वर्षी डब्यांना लावायचं नाही.”

“नाही लावणार. शप्पथ.”

“डबीला लावलंस, कपाटाला लावलंस, इथल्या खलबत्त्यालासुद्धा लावलं असशील.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “अकरा वर्षं झाली हे जाऊन. अकरा वर्षांत माझ्या कपाळाचं कुणाला सुचलं नाही.”

मी उठले. देवापुढची हळद-कुंकवाची कुयरी घेऊन आले. त्यांनी चष्मा काढला आणि मान जरा वर केली. मी आधी हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं. या वेळी मला नीट दिसत होतं, कुठे लावायचं ते.